धुरकोटचा राखणदार

४ फेब्रुवारी

दादा,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला घेतलं होतं, पण आपल्यात सप्रेम काही उरलंय का हे मलाच माहीत नाही, म्हणून नुसता दादा. आई गेली तेव्हा तू आला नाहीस आणि मी तुला ‘आमच्यापुरता तूही गेलास’ असं लिहून कळवलं, त्याला चार वर्षं झाली. ते पत्र मी परत घेत नाहीये, हे आधीच सांगते. राग आहेच. पण तुझ्याकडे काम निघालंय, आणि अडला हरी काय करतो ते तुला माहीत आहे. गाढव कोण ते तू ठरव.

नमनालाच घडाभर तेल झालं. मुद्द्यावर येते. मी खेळांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एक सूत्रधार जग सांगतो, बाकीचे त्यात कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी तलवारबाज होऊन फिरतात, अडलं की फासे टाकतात. म्हणजे आपण माळ्यावर बसून जे करायचो तेच, फक्त छापील आणि जाडजूड. माझं काम बिऱ्हाडं हलवायचं. ऑफिसात तसंच म्हणतात. कुणीतरी एका खेळासाठी शहर रचलेलं असतं, ते उचलून दुसऱ्या खेळाच्या जगात नेऊन बसवायचं. ऐकायला सोपं आहे. पण एका जगात तीन चंद्र असतात, दुसऱ्यात एकही नसतो. एका जगात मेलेला माणूस परत उठतो, दुसऱ्यात तो उठला तर सगळे कायदेच कोलमडतात. मग मी मोठ्ठा तक्ता करते. काय जसंच्या तसं येतं, काय बदलून येतं, काय मागे राहतं.

आमच्या कंपनीचं मोठं जग आहे ‘अष्टसागर’. त्यात नवीन शहर हवं होतं. बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात आईची ट्रंक आली आणि तळाशी आपल्या पाच वह्या निघाल्या. धुरकोट! तुझं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर, तुझा नायक दिवटा, माझी मुंगी, सगळं शाबूत. आईनं जपून ठेवलं होतं. मी वह्या ऑफिसात नेल्या आणि आमच्या संपादकबाई एका बैठकीत पाचही वाचून उठल्या. त्या बाईंना आम्ही का-बाई म्हणतो, कारण त्या दुसरा शब्द फारसा वापरत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘हे हलवू या.’

तर धुरकोट दोघांनी रचलेलं, म्हणून दोघांची सही लागते. कागद सोबत जोडला आहे. तिसऱ्या पानावर मी काय काय बदललं ते थोडक्यात आहे. एक बदल तुला आवडेल. अष्टसागरात प्रत्येक शहराला एक राखणदार लागतोच, त्याशिवाय शहर उभं राहत नाही. आपल्या धुरकोटला राखणदार नव्हता. मग मी आपल्या वह्यांतल्या राक्षसाला, घटकासुरालाच राखणदार केलं. बघ ना, किती चपखल बसतो! रोज ठरल्या घटकेला येतो, प्रत्येक दार तपासतो, प्रत्येकाचं पाऊल ओळखतो. मुंगीला तर त्यानं पाचही वह्यांत एकदासुद्धा ओरखडा काढलेला नाही. दिवट्याच्या मागे लागायचा खरा, पण दिवटा होताच तसा.

बाबा बरे आहेत. गुडघ्यामुळे काठी आली, बाकी एकाहत्तरीतही डेपोतल्या कंट्रोलरचा ताठा तसाच. माझी मुलगी ठकी आठ वर्षांची आहे. तिचे बाबा दुसरीकडे संसार थाटून मोकळे झाले, ते असो. साडेबाराला शाळा सुटली की बाबाच तिला आणतात आणि मी साडेसहाला येईपर्यंत सांभाळतात. ते नसते तर माझी नोकरीच झाली नसती. वह्यांचं त्यांना सांगितलेलं नाही. एक वही त्यांच्या हाती लागली होती, त्यांनी ती चाळली आणि काही न बोलता टेबलाच्या कडेशी अगदी सरळ रेषेत ठेवली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या ऑफिसात नेल्या.

सही करून पाठव. दोन ओळी लिहिल्यास तर आभाळ कोसळणार नाही.

मुंगी

११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. बरं. तू लिफ्टच्या दुरुस्त्या करतोस असं आईच्या डायरीत पत्त्याखाली लिहिलं होतं. एखाद्या लिफ्टमध्येच अडकलास की काय?

इकडे का-बाईंनी माझी पानं परत पाठवली, प्रत्येक नियमापुढे लाल शाईत ‘का?’ त्यांचंही चूक नाही. माळ्यावर सूत्रधार तू होतास, तू म्हणालास की नियम झाला, मी कशाला विचारतेय? पण पुस्तक छापलं की हजार घरांत हजार सूत्रधार बसणार, आणि समोरचा खेळाडू विचारणारच. म्हणून बिऱ्हाड हलवताना प्रत्येक नियमाला कारण जोडावं लागतं. जुन्या जगात कारण नसलं तरी चालतं, नव्यात चालत नाही.

तेव्हा बसले कारणं लिहायला. घटकासुर सहा वाजून दहा मिनिटांनी येतो. का? बंदराचा भोंगा तेव्हा होतो, म्हणून. दहा मिनिटं उशिरा आला तर शहरात कुणीही आधी बोलू नये. का? हं. उशीर झाला म्हणजे समुद्रात वादळ होतं आणि त्याचे कान दुखतात, म्हणून. त्यानं पायताण सरळ ठेवलं तर बाहेर यावं, फेकलं तर मुंगीनं लगेच बुरुजावर चढावं. इथे मी पेन चावत बसले. अष्टसागरात राक्षसांना पायताणं नसतात.

मग का-बाईंनी नकाशाचं प्रमाण मागितलं. एक बोट म्हणजे किती पावलं? मी मोजायला बसले आणि मलाच हसू फुटलं. सात पायऱ्यांचा पूल, मग अरुंद खिंड, डावीकडे धुराची पेठ, उजवीकडे कोठार, पेठेच्या डोक्यावर बुरूज. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अरे, हे आपलंच घर आहे. सात पायऱ्या, बोळ, स्वयंपाकघर, बाबांची खोली, माळा. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही, आणि तू कधी बोलला नाहीस. हुशार होतास हं. काळी विहीर तेवढी कुठे बसेना. दिवट्याला पकडून घटकासुर जिथे टाकतो ती. आपल्या घरात विहीर कुठली?

एवढ्यात का-बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘बुरुजावर मुंगीनं कान झाकावेत आणि दोनशेपर्यंत मोजावं. चुकलं तर पहिल्यापासून.’

‘का?’

‘बुरुजावर वारा फार असतो,’ मी म्हणाले.

‘बुरूज दगडी आहे, वरून बंद आहे, असं तुम्हीच चौथ्या पानावर लिहिलंय. आत वारा कुठून?’

मी चौथं पान उलटून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘सावकाश सांगा,’ आणि गेल्या. मी चहा प्यायले, दुसरं काम काढलं, पण हात गार पडले होते ते संध्याकाळपर्यंत गार राहिले. इथला एसी फार आहे.

तू एवढंच कळव, मोजायला का लावायचास? खेळ पुढे न्यायला वेळ हवा असायचा तुला, हो ना?

मुंगी

१३ फेब्रुवारी

दादा,

दोन दिवसांत दुसरं पत्र. कागदबिगद राहू दे बाजूला.

तुझ्या हाताला प्लास्टर होतं, मी दुसरीत असताना. सायकलवरून पडलास असं आई सगळ्यांना सांगायची. मीही शाळेत तेच सांगितलं. काल भांडी घासता घासता माझ्या डोक्यात आलं की आपल्याकडे सायकल नव्हती.

आणि आईचा नळ. संध्याकाळी मी माळ्यावर असले की खाली नळ जोरात सोडलेला असायचा. बादली भरून वाहून जायची तरी ती बंद करायची नाही. ती एरवी इतकी काटकसरी बाई, दादा.

तू म्हणशील, मग आता विचारतेस कशाला? विचारते, कारण मला तू ‘नाही’ म्हणायला हवं आहे. बाबांनी मला कधी बोट लावलं नाही. डेपोतून येताना माझ्यासाठी तिकिटांचे उरलेले गठ्ठे आणायचे, मला खांद्यावर बसवायचे. तू उर्मट होतास, तुला वळण लावायला ते कडक वागायचे, एवढंच घरात बोललं जायचं आणि मी ते मानून बसले. अठराव्या वर्षी तू निघून गेलास तेव्हा मला वाटलं, तू मला टाकून गेलास. धुरकोट अर्धं टाकून गेलास. त्याचाच राग होता माझा, आई-बाबांशी कसा वागलास त्याचा नव्हता, आज खरं ते लिहिते.

आता ते म्हातारे आहेत. काठीशिवाय दोन पावलं चालवत नाही. आज सकाळी ठकीच्या पेन्सिलींना टोकं करून देत होते. सगळ्या एका लांबीच्या. मी मुद्दाम सहज विचारल्यासारखं ठकीला विचारलं, ‘आजोबांबरोबर मजा येते ना गं?’

‘आजोबा छान आहेत,’ ती म्हणाली.

फार पटकन म्हणाली. आधी पाठ करून ठेवलेलं असावं तसं. का मलाच तसं वाटलं? का-बाईंच्या संगतीनं मलाही सगळ्याला ‘का’ लावायची सवय लागली असेल. पण मला भीती वाटते आहे, दादा. लिहून टाकल्यावर जाईल असं वाटलं होतं, गेली नाही.

मुंगी

१५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट काल ऑफिसात मिळालं, अकरा चाळीसला. माझा कागद तसाच परत. सही नाही. तिसऱ्या पानावर ‘राखणदार’ शब्दावर तू इतक्या जोरात काट मारलीस की कागद फाटला आहे. खाली चार शब्द. ‘ठकी आत्ता कुठे आहे?’

पहिल्या पत्राचं हे उत्तर आहे. माझं दुसरं, तिसरं पत्र तुला मिळायच्या आतच तू हे टाकलंस. म्हणजे तुला माझ्या लाल शाईची, नकाशाची, कशाची गरज पडली नाही. ‘बाबा सांभाळतात’ एवढं वाचलंस आणि तुला कळलं.

मी उठले. पर्ससुद्धा घेतली नाही. का-बाई जिन्यात म्हणाल्या, ‘काय झालं?’ मी म्हणाले, ‘शाळा साडेबाराला सुटते.’ एवढंच. त्यांनी गाडीची किल्ली काढली.

शाळेच्या फाटकाशी बाबा उभे होते. बारा एकवीस झाले होते. काठी दोन्ही हातांनी समोर धरलेली, आजूबाजूला आया घोळक्यानं गप्पा मारत होत्या आणि ते एकटे घड्याळाकडे बघत होते. मी छत्तीस पार केलेली बाई. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली.

‘तू कशी काय आलीस?’ त्यांनी विचारलं. ‘आज तुझी वेळ नाही.’

‘ऑफिसात मुलांना बोलावलंय. खेळ दाखवायला,’ मी थाप मारली.

‘मला सकाळी सांगायला हवं होतंस.’

‘विसरले, बाबा.’

‘विसरायचं नाही,’ ते म्हणाले. हळू आवाजात म्हणाले, हसून म्हणाले. ठकी रांगेतून बाहेर आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी त्यांच्याकडे, मग शाळेच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे. मी तिचा हात धरला तर तळवा घामानं ओला.

ऑफिसात आमचं एक मागचं टेबल आहे, तिथे नवे खेळ खेळून बघतो. मी तिला बसवलं, दूध दिलं, फासे दिले. घरी आजोबा काय करतात, असं मी तिला विचारणार होते. विचारलंच नाही, कारण मला खात्री होती, ती पुन्हा ‘छान आहेत’ म्हणेल. मला दुसरं काही येत नाही दादा, मला हेच एक काम येतं. मी कोरा तक्ता काढला आणि म्हणाले, ‘आपल्याला एक नवीन शहर करायचंय. सूत्रधार तू. नियम तू सांग, मी लिहिते.’

ती जरा वेळ फासे खुळखुळवत राहिली.

‘माझ्या शहरात टीव्हीचा आवाज बारा असतो,’ ती म्हणाली. ‘तेरा नाही.’

‘बरं.’

‘दोन ते चार झोपायचं. झोप आली नाही तरी हलायचं नाही. पापण्यापण नाही हलवायच्या, त्या दिसतात.’

मी लिहीत होते. माझं अक्षर तुझ्यासारखं उजवीकडे झुकायला लागलं होतं.

‘पाणी विचारून प्यायचं. पण एका तासात एकदाच विचारायचं. बोलताना आधी एक ते तीन म्हणायचं मनात, मग बोलायचं. काठी दोनदा वाजली तर जिथे असू तिथे थांबायचं.’

‘आणि एखादा नियम चुकला तर?’

‘तर बाथरूममध्ये उभं राहायचं. दिवा बाहेरून बंद होतो. भिंतीला टेकायचं नाही.’

‘किती वेळ?’

‘ते शहरातल्या माणसांना नसतं माहीत. त्यालाच माहीत असतं.’

तेव्हा मला काळी विहीर सापडली. बोळाच्या टोकाला, आपल्या न्हाणीघराची जागा. नकाशात अगदी बरोबर तिथेच आहे.

मी विचारलं, ‘शहरातली माणसं कुणाला सांगत का नाहीत?’

‘सांगायचं नाही हाच तर पहिला नियम आहे,’ ठकी म्हणाली आणि तिनं फासे मुठीत घट्ट धरले. मग माझ्या कागदाकडे बघून हळूच म्हणाली, ‘पण हे खेळातलं आहे ना? खेळातलं सांगितलं तर चालतं ना?’

का-बाई समोर बसल्या होत्या. सबंध तासाभरात त्यांनी एकदाही ‘का’ म्हटलं नाही. चष्मा काढून पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही दोघी आज माझ्याकडे चला.’

बाबांना फोन करून सांगितलं की आम्ही मैत्रिणीकडे राहतोय. ‘किती वाजता परत?’ असं त्यांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला.

दहा महिने, दादा. रोज सहा तास. मीच त्यांना घरात आणलं, मीच किल्ली दिली, वर कागदावर राखणदार असं छापायला निघाले. कुंपणानंच शेत खाल्लं आणि ते कुंपण मी स्वतःच्या हातानं घातलं. मला स्वतःची शिसारी आली आहे. पण ती नंतर. आधी त्यांना बाहेर काढायचं आहे, आणि मला त्या घराच्या दारात जायचीसुद्धा हिंमत होत नाहीये.

मुंगी

२३ फेब्रुवारी

दादा,

झालं. कसं झालं ते सांगते. शूरपणा काही केला नाही, तेव्हा फार अपेक्षेनं वाचू नकोस.

पाच दिवस का-बाईंकडे काढले. ठकीला त्यांच्या बहिणीजवळ ठेवून मी ऑफिसला जायचे आणि रोज ठरवायचे, आज जाऊन बोलते. रोज काहीतरी निघायचं. सहाव्या दिवशी का-बाई म्हणाल्या, ‘तुम्ही जाणार नसाल तर मी जाते, पण मग त्यांना वाटेल तुम्ही घाबरलात.’ मी म्हणाले, ‘घाबरलेच आहे.’ ‘मग घाबरून जा,’ त्या म्हणाल्या. त्या जिन्यात थांबल्या, मी वर गेले. सकाळचे अकरा वाजले होते.

बाबा दाढी करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून खुर्चीत बसले होते. घर लख्ख. ठकीच्या पेन्सिली टेबलावर ओळीनं.

‘ठकी कुठे आहे?’

‘ठकी तुमच्याकडे येणार नाही.’

‘कधी येणार?’

‘कधीच नाही. बाबा, तुम्ही तुमच्या घरी परत जा. तिथे सोबतीला माणूस ठेवलाय, स्वयंपाकाला बाई येईल. गाडी खाली उभी आहे.’

हे वाक्य मी पाच दिवस पाठ करत होते. म्हणताना दोनदा अडखळले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काठी जमिनीवर दोनदा टेकवली, टक, टक, आणि दादा, मी थांबले. जिथे होते तिथे. माझी पावलं आपोआप थांबली, त्या आठ वर्षांच्या पोरीसारखी.

‘पोरीला शिस्त नाही,’ ते म्हणाले. ‘तुला वेळ नाही, म्हणून मी लावत होतो. तुझ्या त्या दिवट्या भावानं काही भरवलंय तुला?’

‘त्यानं काही सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही.’

‘मी तुला कधी बोट लावलं?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘दादाला लावत होतात. मला ऐकू येत होतं.’

आता जे मी तुझ्यापासून आजवर लपवलं ते लिहिते. मागच्या पत्रांत मी आठवण्याचं नाटक केलं. प्लास्टर, नळ, काल आठवलं, परवा आठवलं. दादा, मी कान कधीच नीट झाकले नाहीत. बोटांच्या फटी ठेवायचे. दोनशे मोजायचे मोठ्यानं, पण खालचं सगळं ऐकू यायचं, पट्टा, तुझा आवाज, मग तुझा आवाज बंद झालेला. मग तू शिडीवरून वर यायचास, तोंड धुऊन, आणि म्हणायचास, ‘मुंगीबाई, वादळ गेलं, फासे टाका.’ आणि मी टाकायचे. कारण मला पुढची गोष्ट हवी असायची. मला माहीत होतं. मोठी झाल्यावर मी ते माहीत नसल्यासारखं करायला शिकले आणि इतकं छान शिकले की पोरीला सांभाळायला त्यांनाच बोलावलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, नवल होतं.

‘ऐकू येत होतं?’ ते म्हणाले. ‘मग तेव्हा का नाही बोललीस?’

सहा वर्षांची होते, असं म्हणता आलं असतं. पण मी बारा वर्षांचीही झाले होते, आणि वीसचीही. मी आत जाऊन त्यांचे कपडे बॅगेत भरले. मग का-बाई जिन्यातून वर आल्या, त्यांनी बाबांची बॅग उचलली आणि म्हणाल्या, ‘चला काका, गाडी थांबली आहे.’ परक्या माणसासमोर बाबा नेहमीच सभ्य. उठले, चपला घातल्या, माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरले. घराची किल्ली मी त्यांच्याकडून मागून घेतली.

कुलूप बदललं आहे. शाळेत लेखी कळवलं आहे की मुलीला फक्त मी नेणार. ठकीसाठी एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो आहोत. कामाच्या वेळा बदलून मागितल्या, का-बाईंनी ‘का’ न विचारता दिल्या. एवढं करूनही मला धीर आलेला नाही. रोज संध्याकाळी सहा दहाला घरचा फोन वाजतो. मी उचलत नाही. बरोबर बारा वेळा वाजतो आणि बंद होतो. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी असते, परवा माझ्या लक्षात आलं आणि मी तो बंद केला.

धुरकोट अष्टसागरात जाणार नाही. तक्ता मी फाडला. पाचही वह्या तुझ्या आहेत, पाठवू की ठेवू ते सांग. माफी मागायला मी योग्य नाही, तरी मागते. तू मला टाकून गेला नाहीस. तू सहा वर्षं खाली उभा होतास, म्हणून मी वर बसू शकले.

ये म्हणत नाही. पण पत्ता बदललेला नाही, आणि ठकी विचारते मामा उंच आहे का. मी म्हणाले, मी पाहिला तेव्हा होता.

आम्ही घरी परतलो त्या दिवशी तिला सांगितलं, आजोबा आता इथे राहणार नाहीत, ते सगळे नियम संपले. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती दारातच उभी राहिली, दप्तर पाठीवर तसंच. मनात एक ते तीन म्हणाली, ओठ हलताना मला दिसले. मग विचारलं, ‘मग मी आता कुठेही उभी राहू शकते?’

मी हो म्हणाले. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मग खिडकीशी. मग पलंगावर चढून उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. मग खाली उतरून ती भिंतीपाशी गेली आणि भिंतीला पाठ लावून टेकली. अर्धा तास तशीच टेकून उभी होती, मी शेजारी जाऊन टेकले तरी हलली नाही.

मुंगी